सिस्टर इग्नेशिया : मद्यपींसाठी हॉस्पिटलचे दार उघडणारी धर्मभगिनी

दारूमुळे घर कसे खचते, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वसईच्या पट्ट्यापासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आणि तेथून आत डोंगराकडे तळ्यासारख्या लहान गावापर्यंत, कोणतेही धर्मग्राम या दुःखापासून मुक्त नाही. घरचा कर्ता माणूस पिऊ लागला की घरची माणसे प्रथम ती गोष्ट झाकून ठेवतात. नंतर रागावतात, मुलांच्या शपथा घालतात, नवस बोलतात, आणि शेवटी थकून गप्प बसतात. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस निर्धाराने थेंबालाही न शिवणारा मनुष्य ईस्टरच्या दिवशी पुन्हा पेला हाती घेतो, हे दृश्यही आपल्या परिचयाचे आहे. चाळीस दिवस पाळता आलेला निर्धार एकेचाळिसाव्या दिवशी का ढळतो, याचे उत्तर ज्यांनी शोधले, त्यांच्यापैकी एक धर्मभगिनी होती. तिचे नाव सिस्टर मेरी इग्नेशिया. तिच्या जीवनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आयर्लंडची कन्या

सिस्टर इग्नेशिया यांचा जन्म १८८९ सालच्या जानेवारी महिन्यात आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका कॅथलिक शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव ब्रिजिट डेला मेरी गॅविन. घरी सारे त्यांना डेला म्हणत. डेला सात वर्षांची असताना, १८९६ साली, हे कुटुंब पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात स्थायिक झाले. आपल्या कोकणातून जशी माणसे मुंबईला गेली, तशीच त्या काळी आयर्लंडमधून माणसे अमेरिकेला जात होती. आणि गाव सुटलेल्या माणसांच्या वस्तीत दारूचे गुत्ते जसे सर्वत्र फोफावतात, तसे तेथेही फोफावले होते.

डेलाला संगीताची उत्तम जाण होती. तरुणपणी ती पियानोच्या शिकवण्या घेऊन घरखर्चाला हातभार लावीत असे. मनात मात्र व्रतस्थ जीवनाची ओढ होती. १९१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने संत ऑगस्टीनच्या सेवाभगिनींच्या संघात प्रवेश केला आणि इग्नेशिया हे नाव धारण केले. संघानेही तिला संगीताचेच काम दिले. पुढील अनेक वर्षे तिने मुलांना, विशेषतः अनाथाश्रमातील मुलांना, संगीत शिकविले.

दिसायला ही सिस्टर अगदी किरकोळ. उंची जेमतेम पाच फूट, अंगकाठी नाजूक, आवाज मृदू. कामाचा भार मात्र तिच्या शक्तीपलीकडचा होता. १९२७ च्या सुमारास तिची प्रकृती पूर्णपणे ढासळली. पोटातील व्रणांनी आणि मनावरील ताणाने ती अंथरुणाला खिळली. बरे होण्यास दीर्घ काळ लागला. संगीत शिकविण्याचे काम असेच चालू ठेवले तर जीव वाचणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ज्या कलेवर सारे आयुष्य उभे होते, ती चाळिशीच्या उंबरठ्यावर बाजूला ठेवावी लागली.

आपले मन आणि शरीर आपल्याच ताब्यात राहत नाही, केवळ इच्छाशक्तीच्या बळावर उठून उभे राहता येत नाही, हा अनुभव सिस्टर इग्नेशिया यांनी स्वतः घेतला. पुढे खचलेली माणसे त्यांच्यासमोर आली तेव्हा त्यांनी त्यांना उपदेश केला नाही, याचे मूळ आम्हाला या आजारपणात दिसते.

नोंदणीच्या टेबलावर

१९२८ साली त्यांच्या संघाने ॲक्रन या शहरात सेंट थॉमस हॉस्पिटल सुरू केले. ॲक्रन हे रबराच्या कारखान्यांचे आणि कामगारांचे शहर. आजारातून उठलेल्या सिस्टरना तेथे हलके काम म्हणून रुग्णांची नोंदणी करण्याचे टेबल देण्यात आले. कोणाला खाट द्यायची आणि कोणाला परत पाठवायचे, हे त्या टेबलावर ठरत असे.

परत पाठविल्या जाणाऱ्यांत मद्यपी रुग्ण पहिले असत. त्या काळी बहुतेक हॉस्पिटले त्यांना दाखल करून घेत नसत. ते आरडाओरडा करीत, बिल भरीत नसत, आणि बरे होऊन गेले तरी काही दिवसांत त्याच अवस्थेत परत येत. मद्यासक्ती हा आजार आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने अद्याप पुरती स्वीकारलेली नव्हती. समाजाच्या लेखी तो केवळ दुर्गुण होता. त्यामुळे थरथरत दारात आलेला माणूस पोलीस कोठडीत, वेड्यांच्या इस्पितळात किंवा पुन्हा गुत्त्यात जात असे. अशा माणसांना परत पाठविताना सिस्टर इग्नेशिया यांचे मन त्यांना खात असे.

दोन माणसांची भेट

याच शहरात १९३५ सालच्या मे महिन्यात एक घटना घडली होती. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा एक शेअरबाजारातील मनुष्य कामानिमित्त ॲक्रनला आला होता. अनेक वर्षे दारूने त्याला पोखरले होते आणि दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हाती घेतलेला व्यवहार फसला. परक्या शहरात, हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता आणि बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले की आपल्याला वाचायचे असेल तर आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी बोलले पाहिजे. त्याने तेथील चर्चच्या यादीवरून दूरध्वनी करण्यास सुरुवात केली. एका धर्मोपदेशकामार्फत आणि एका सहृदय महिलेमार्फत त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी पडली.

डॉ. स्मिथ हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. पण दारूमुळे त्यांचा व्यवसाय जवळजवळ बुडाला होता. ते केवळ पंधरा मिनिटे भेटायला तयार झाले होते. प्रत्यक्षात दोघे कित्येक तास बोलत बसले. तोवर डॉक्टरांना अनेकांनी समजावले होते, परंतु समजावणारा स्वतः त्याच खड्ड्यातून वर आलेला असा हा पहिलाच मनुष्य होता. १० जून १९३५ या दिवसापासून डॉ. स्मिथ यांनी दारूला स्पर्श केला नाही. हाच दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' अर्थात 'एए' या बंधुसंघाचा स्थापनादिन मानला जातो. अनॉनिमस म्हणजे अनामिक. सदस्याचे पूर्ण नाव बाहेर सांगायचे नाही, हा त्यांचा दंडक. म्हणून सदस्यांत डॉ. स्मिथ हे केवळ डॉ. बॉब या नावाने ओळखले जातात.

फुलांची खोली

डॉ. बॉब दारू सोडू इच्छिणाऱ्यांना मदत करू लागले, पण एक अडचण वारंवार पुढे येई. अनेक वर्षे अतोनात पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो; प्रसंगी प्राणही जातो. अशा रुग्णाला प्रथम काही दिवस हॉस्पिटलची खाट हवी. ती कोण देणार?

सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉ. बॉब यांची ये-जा होती. १९३९ साली त्यांनी आपली स्वतःची कहाणी सिस्टर इग्नेशिया यांना सांगितली. १६ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी एक मद्यपी रुग्ण आणला आणि सिस्टरनी त्याला दाखल करून घेतले. नोंदवहीत आजार लिहिला गेला तो जठराच्या तीव्र दाहाचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक विनंती केली. दारू सोडलेले काही जण या रुग्णाला भेटून बोलणार होते. त्यासाठी थोडा एकांत हवा होता. मोकळी खोली नव्हती. रुग्णांसाठी आलेली फुले जेथे फुलदाण्यांत लावली जात, त्या लहानशा खोलीत सिस्टरनी त्याची खाट सरकवली. फुलांच्या त्या खोलीत, खाटेभोवती बसून, दारूतून सुटलेल्या माणसांनी दारूत बुडालेल्या माणसाला आपापली हकीकत सांगितली.

लवकरच हॉस्पिटलच्या प्रमुखांची उघड संमती मिळाली आणि मद्यपी रुग्णांसाठी काही खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. हा कक्ष हॉस्पिटलच्या चॅपेलच्या सज्जाजवळ होता, त्यामुळे रुग्णाला आपल्या त्या कपड्यांतच, कोणाच्या नजरेस न पडता, जाऊन प्रार्थना करता येत असे.

पाच दिवस आणि पुढचे आयुष्य

सिस्टर इग्नेशिया यांच्या कक्षाची शिस्त कडक होती आणि प्रत्येक नियमामागे विचार होता. आपल्या वाचकांनी तो समजून घ्यावा.

रुग्णाने एकट्याने यायचे नाही. एए मधील एखाद्या सदस्याने त्याला आणले पाहिजे. हा सदस्य त्याचा जामीन किंवा पाठीराखा. हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर बैठकीला घेऊन जाण्याची जबाबदारी त्याचीच. आत आल्यावर रुग्णाचे बाहेरचे कपडे काढून ठेवले जात. भेटायला येणारे फक्त एए चे सदस्य. व्यवसायाच्या काळज्या आणि घरचे वादविवाद दाराबाहेर थांबत. कक्षात कॉफी मात्र सदैव तयार असे.

मुक्काम पाच दिवसांचा. पहिला दिवस स्वागताचा. दुसरा दिवस आपली खरी अवस्था ओळखण्याचा. तिसरा दिवस आत्मपरीक्षणाचा, चौथा निश्चयाचा, आणि पाचवा पुढील आयुष्याच्या आखणीचा. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचा परिचय असलेल्या वाचकांना या क्रमात ओळखीची वाट दिसेल. तरीही कक्षात येणाऱ्यांपैकी कित्येक जण कॅथलिक नव्हते. कोणालाही धर्म विचारून खाट दिली अथवा नाकारली गेली नाही.

एक नियम वरवर कठोर वाटतो. येथे सहसा एकदाच प्रवेश मिळे. पुन्हा प्यायल्यावर धुऊन-पुसून घेण्यासाठी परत येण्याची ही जागा नव्हती. पाच दिवसांत दारू शरीरातून उतरते. दारू न पिता जगणे ही गोष्ट मात्र आयुष्यभर, इतरांच्या सोबतीने शिकावी लागते. हॉस्पिटल हा त्या वाटेचा केवळ उंबरठा होता.

निरोपाच्या वेळी सिस्टर प्रत्येकाच्या हाती येशूच्या पवित्र हृदयाचे एक लहान चिन्ह देत. त्यासोबत एक अट असे. कधी पुन्हा प्यावेसे वाटले, तर पहिला घोट घेण्यापूर्वी हे चिन्ह स्वतः येऊन त्यांना परत करायचे. कायमची शपथ त्यांनी मागितली नाही, मागितली ती केवळ एक भेट. मोह झालेल्या क्षणी माणसाने गुत्त्याकडे जाण्याआधी आपल्याला ओळखणाऱ्या एका व्यक्तीकडे जावे, एवढीच त्यांची अपेक्षा. आम्हाला वाटते, चाळीस दिवसांचा निर्धार एकेचाळिसाव्या दिवशी का मोडतो याचे उत्तर येथे आहे. तो निर्धार एकट्याचा असतो.

रोझरी हॉल

डॉ. बॉब यांनी या कामासाठी रुग्णांकडून मोबदला घेतला नाही. १६ नोव्हेंबर १९५० रोजी ते देवाघरी गेले. तोपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ५,००० मद्यपींची सेवा केली होती.

१९५२ साली संघाने सिस्टर इग्नेशिया यांची बदली क्लीव्हलँड येथील सेंट व्हिन्सेंट चॅरिटी हॉस्पिटलमध्ये केली. त्या वेळी त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या भगिनीने बोचके बांधले आणि पुन्हा नव्याने सुरुवात केली. हॉस्पिटलमधील एक जुना भाग नीट करून त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवा कक्ष उघडण्यात आला. त्यासाठी दारूतून सुटलेल्या अनेकांनी आपले श्रम दिले. कक्षाचे नाव ठेवले 'रोझरी हॉल सोलॅरियम', म्हणजे जपमाळेच्या नावाचे, उन्हाने उजळलेले दालन. या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आर, एच, एस, आणि डॉ. रॉबर्ट होलब्रूक स्मिथ यांची आद्याक्षरेही तीच. अनामिक राहू इच्छिणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचे स्मरण सिस्टरनी असे जपले.

येथे त्यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांकडेही विशेष लक्ष दिले. नवऱ्याची दारू लपविता लपविता पत्नीही आतून आजारी होते, मुलांच्या मनात भीती घर करते, हे त्या रोज पाहत होत्या. मद्यपींच्या घरच्यांसाठी १९५१ साली 'ॲल-ॲनॉन' नावाचे गट सुरू झाले होते. पत्नींनी अशा गटात जावे असा सिस्टरचा आग्रह असे. रोझरी हॉलमध्ये आणखी सुमारे १०,००० रुग्णांनी उपचार घेतले.

१९६६ सालच्या १ एप्रिल रोजी सिस्टर इग्नेशिया यांनी इहलोकीची यात्रा संपविली. तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता, म्हणजे ज्या पवित्र हृदयाचे चिन्ह त्यांनी हजारोंच्या हाती ठेवले, त्याच्या भक्तीचा दिवस. मृत्युसमयी त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या.

आपल्या भूमीत

ॲक्रनमधील दोन माणसांच्या संभाषणातून निघालेला हा प्रवाह १९५७ साली मुंबईत पोहोचला आणि भारतात एए चे काम सुरू झाले. ज्यांनी तो आणला, त्यांची नावे अनामिकतेच्या दंडकामुळे आम्ही येथे देत नाही. पुढे १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमधून 'कृपा फाउंडेशन'चे कार्य आरंभिले. पुण्यात येरवडा येथे डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. १९९७ साली निधन पावलेल्या अनिताताई मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉक्टर होत्या. त्यांच्या केंद्रातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांच्या सोबतीला मोठे स्थान आहे. तेथे पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. सिस्टर इग्नेशिया आणि अनिताताई यांची भाषा निराळी, श्रद्धा निराळी. परंतु माणूस एकटा बरा होत नाही, या निष्कर्षावर दोघी पोहोचल्या.

आता प्रश्न उरतो तो तळ्यासारख्या गावाचा. मुंबईत अनेक बैठका चर्चच्या किंवा शाळेच्या खोल्यांत भरतात आणि माणूस गर्दीत मिसळून तेथे जाऊ शकतो. येथे मात्र कोण कोठे गेले हे सर्वांना ठाऊक असते. इंदापूरला किंवा माणगावला जायचे तरी एसटीच्या वेळा पाहाव्या लागतात, आणि संध्याकाळी उशिरा संपणाऱ्या बैठकीहून परत कसे यायचे ही विवंचना असते. लाज आणि अंतर, हे दोन अडथळे खरे आहेत. म्हणून काही गोष्टी आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट अशी की रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने डॉक्टरांना दाखविल्याशिवाय एकाएकी दारू बंद करू नये. घरच्यांनीही त्याला खोलीत कोंडून ठेवू नये. प्रथम सरकारी रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. जवळच्या उपचार केंद्राची चौकशी तेथे करता येते.

दुसरी गोष्ट बैठकीविषयीची. एए च्या बैठकीला शुल्क नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच पात्रता. जात, धर्म, शिक्षण कोणी विचारीत नाही. पूर्ण नावही सांगावे लागत नाही. खुल्या बैठकीला कुटुंबीय किंवा कोणीही येऊ शकतो. बंद बैठक केवळ दारूचा प्रश्न असणाऱ्यांसाठी असते. पहिल्या दिवशी काही न बोलता नुसते ऐकत बसले तरी चालते. तेथे कोणी झापत नाही आणि प्रवचनही देत नाही. प्रत्येक जण आपलीच हकीकत सांगतो, आणि आयुष्यभराचा नव्हे तर केवळ आजच्या दिवसाचा विचार करतो. मराठीतून चालणारे गटही आहेत. २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाइलवरून भरणाऱ्या बैठकाही रूढ झाल्या आहेत. दूरच्या वाडीवरील माणसाला त्यांचा मोठा आधार होऊ शकतो. एखादा चाकरमानी मुंबईत असताना बैठकीला जात असेल, तर सुट्टीत गावी आल्यावर त्याने या मार्गाने आपला धागा तुटू देऊ नये.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. पुन्हा एकदा प्यायला, म्हणजे सारे व्यर्थ गेले असे मानू नये. हा आजार उलटणारा आहे. पाय घसरलेल्या माणसाने त्याच दिवशी पुन्हा बैठकीकडे वळावे. आणि पतीने जाण्यास नकार दिला तरी पत्नीने स्वतःसाठी कुटुंबीयांच्या गटात जावे. तिच्या बरे होण्याला त्याच्या संमतीची गरज नाही.

आणि जवळपास गटच नसेल तर? ॲक्रनमध्येही तो नव्हता. एए च्या परंपरेप्रमाणे दारू सोडू इच्छिणारे दोघे-तिघे एकत्र आले की गट होतो. जेथे दोघे-तिघे जमतात तेथे प्रभू त्यांच्यामध्ये असतो, हे अभिवचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एखाद्या धर्मग्रामाने आठवड्यातून एका संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गाची खोली उघडून दिली, दिवा लावला आणि चहाची किटली ठेवली, तर पुरेसे आहे. बैठक ज्यांची आहे ते ती चालवतील. धर्मगुरूंनी आणि आपण सर्वांनी फक्त दार उघडायचे आहे, आणि कोण आत गेले हे बाहेर बोलायचे नाही.

सिस्टर इग्नेशिया यांनी कोणता शोध लावला नाही किंवा ग्रंथ लिहिला नाही. इतर जण ज्यांना परत पाठवीत होते, त्यांना त्यांनी आत घेतले आणि बरे झालेल्यांच्या हाती सोपविले. आपल्या घरात, शेजारी किंवा आपल्या स्वतःच्या ठायी असा रुग्ण असेल, तर त्याला एका बैठकीपर्यंत सोबत करण्याचे बळ प्रभूने आपल्याला द्यावे, अशी आम्ही प्रार्थना करतो.